आडवाटेचे शौर्य : 'केसरी', 'काळ' आणि सोलापूरचे चौघे

दरवर्षी 12 जानेवारीला सोलापूर जिल्ह्यात हुतात्म्यांच्या स्मरणार्थ भाषणे होतात. इथे श्रीपुरात मी ती बरीच वर्षे ऐकत आलो आहे. त्यांत एक वाक्य ठरलेले असते : चौघे हसत हसत फासावर गेले. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 1931 साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली. वाक्यात आदर आहे. पण हे चौघे फाशीच्या आधी काय करीत होते, ते त्यातून कळत नाही. शौर्याची ही भाषा कुठून आली हे पाहताना मला आपल्या जुन्या पत्रकारितेकडे वळावे लागले.

राजद्रोहाचे 124-अ कलम डोक्यावर असताना चालू काळातल्या शूराला शूर म्हणणे संपादकाला परवडणारे नव्हते. म्हणून त्याने आडवाटा शोधल्या. पहिली वाट इतिहासाची. 15 जून 1897 च्या 'केसरी'त शिवजयंती उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आला. विषय अफझलखानाचा वध, म्हणजे 238 वर्षांपूर्वीची घटना. 22 जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढे टिळकांना राजद्रोहाबद्दल 18 महिन्यांची शिक्षा झाली. त्या लिखाणाचा रँडच्या खुनाशी संबंध जोडणे हा अन्यायच होता. पण जुन्या शौर्यात आजचा अर्थ शोधण्याची कोर्टाची रीत मात्र 'केसरी'च्या वाचकाहून निराळी नव्हती. लेखकालाही तसाच वाचक हवा होता.

दुसरी वाट वक्रोक्तीची. शिवराम महादेव परांजपे यांनी 1898 साली काढलेल्या 'काळ'मध्ये तिला कळस चढला. ज्याची निंदा करायची त्याची स्तुती करायची, आणि उरलेले वाक्य वाचकाने मनात पुरे करायचे. परदेशातल्या शूरांची, उदाहरणार्थ बोअरांची, कहाणी सांगतानाही बोट घराकडेच असे. ही कला मोठी होती आणि तिची किंमतही लेखकाने भरली. 1908 मध्ये परांजपे 19 महिन्यांसाठी तुरुंगात गेले, टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला.

या पिढीचे ऋण मान्य करूनच मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. आडवाटेने येणारा शूर नेहमी दूरचा, मोठा आणि बहुधा हाती शस्त्र असलेला राहिला. आपल्या पेठेत राहणारा, रोजगार करणारा माणूस या साच्यात बसेना. वाचकाला स्फुरण मिळे. माहिती मागण्याची सवय मात्र लागली नाही.

सोलापुरात 1930 साली हा साचा अपुरा पडला. गांधीजींच्या अटकेनंतर 8 मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले. 12 मे रोजी लष्करी कायदा आला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही शिक्षा झाली. चौघांवर आरोप पोलिसांच्या खुनाचा होता, आणि तो खोटा होता असेच सोलापूरकर मानत आले आहेत.

इथेच भाषणातल्या वाक्याची अडचण होते. चौघे निर्दोष होते असे आपण म्हणतो, आणि गौरव मात्र वार करून फासावर चढलेल्या वीराच्या भाषेत करतो. त्यांचे धैर्य निराळे होते. ते सभा भरवण्यात, संघटना बांधण्यात होते. कुर्बान हुसेन तर स्वतः पत्रकार. ते 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत. गझनफर म्हणजे सिंह. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांतला एक जण लिहिणाराच होता, ही गोष्ट आपल्या गौरवाच्या भाषेत हरवून गेली.

टिळक-परांजप्यांनी पडदा घेतला, कारण पडद्याबाहेर तुरुंग होता. आपल्याला या चौघांविषयी सरळ लिहायला कोणाची आडकाठी नाही. तरी पडदा आपण सवयीने तसाच ठेवला आहे. येत्या 12 जानेवारीला कोणी वक्त्याने 'कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवीत होते' इथून सुरुवात केली, तर फासाचे वाक्य नंतर आले तरी चालेल.