शाळांचीं नांवें व पुराव्याची कसोटी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॅलिफोर्नियांतील सॅन फ्रॅन्सिस्को या शहराच्या शाळामंडळानें ता. २६ जानेवारी २०२१ रोजीं सहा विरुद्ध एक अशा मतांनीं ठराव केला कीं, आपल्या ताब्यांतील ४४ सार्वजनिक शाळांचीं नांवें बदलावीं. वॉशिंग्टन, जेफर्सन व लिंकन हे तीन राष्ट्राध्यक्ष या यादींत होते. पुढें ता. ६ एप्रिल रोजीं त्याच मंडळानें तो ठराव एकमतानें मागें घेतला. मधल्या दहा आठवड्यांत या प्रकरणावर पुष्कळ लिहिलें गेलें; परंतु त्याचा रोख बहुतांशीं पक्षोपपक्षांच्या राजकारणाकडे होता. त्या राजकारणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. ज्या टिपणाच्या आधारें ही ४४ नांवें दोषी ठरलीं, तें टिपण एखाद्या महजराप्रमाणें किंवा बखरीप्रमाणें पुराव्याच्या कसोटीस लावलें तर कितपत टिकतें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वादाची जमीन मोकळी करूं. मंडळाच्या २०१८ च्या ठरावान्वयें नेमलेल्या सल्लागार समितीनें जो निकष ठरविला, त्याचें सार असें कीं, ज्यांनीं माणसांस गुलाम केलें किंवा दास्यांत ठेविलें, ज्यांच्या कृत्यांनीं एखाद्या जमातीचा संहार झाला, ज्यांनीं स्त्रियांवर जुलूम केला, किंवा ज्यांनीं इतरांच्या जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क हिरावला, त्यांचें नांव शाळेस नसावें. या निकषाशीं आमचा तंटा नाहीं. शाळेस नांव देणें हा एक मान आहे, आणि ज्या समाजानें मान दिला त्यास तो विचारपूर्वक परत घेण्याचाहि अधिकार आहे. नांव काढल्यानें इतिहास पुसला जातो, ही विरुद्ध पक्षाची ओरड आम्हांस मान्य नाहीं. दारावरची पाटी हें इतिहासाचें साधन नव्हे. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यावर १७९९ सालीं ३१७ गुलाम होते व त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते, हें आपणांस त्याच्याच हातच्या यादीवरून कळतें, शाळेच्या पाटीवरून नाहीं. उलट, याच शहरांतील वॉशिंग्टन हायस्कुलांत व्हिक्टर आर्नाटॉफ या चित्रकारानें १९३६ सालीं काढलेलीं भित्तिचित्रें आहेत. त्यांत वॉशिंग्टनचे गुलाम राबतांना व एक इंडियन मरून पडलेला दाखविला आहे. हीं चित्रें मात्र खरोखर साधन होत. तीं रंग फासून बुजवावीं असा ठराव याच मंडळानें २०१९ सालीं केला होता. तो पुढें सोडून द्यावा लागला. पाटी व साधन यांतला भेद न ओळखल्यामुळें दोन्ही पक्षांची कशी फसगत झाली, हें यावरून दिसेल.

आतां यादीकडे वळूं. पॉल रिव्हीर या क्रांतिकालीन पुढाऱ्यावर आरोप असा कीं, १७७९ च्या पेनॉबस्कॉट मोहिमेंत त्यानें पेनॉबस्कॉट इंडियनांची भूमि बळकावण्याच्या कामीं भाग घेतला. वस्तुतः ती मोहीम मॅसॅच्युसेट्स संस्थानानें इंग्रजांवर पाठविली होती. पेनॉबस्कॉट उपसागराच्या कांठीं इंग्रजांनीं नवा किल्ला बांधण्यास आरंभ केला होता. तो घ्यावा हा तिचा हेतु. रिव्हीर तोफखान्यावर होता. मोहीम पुरती फसली, त्याच्यावर नालस्ती आली, व अखेर १७८२ सालीं लष्करी न्यायसभेनें त्यास निर्दोष ठरविलें. उपसागराचें नांव व जमातीचें नांव एकच, एवढ्यावरून इंग्रजांवरील स्वारी इंडियनांवरील स्वारी झाली. आपल्याकडे गांव व आडनांव यांच्या सारखेपणावरून दोन घराणीं एक करणारे लेखक होऊन गेले आहेत. त्याच जातीची ही चूक आहे.

दुसरें नांव जेम्स लिक याचें. हा धनिक १८७६ सालीं वारला व त्यानें आपली संपत्ति सार्वजनिक कामांस ठेविली. तिच्यांतून १८९४ सालीं शहरांत एक स्मारक उभें राहिलें. त्यांतील एका शिल्पांत पायाशीं पडलेला इंडियन दाखविला होता. तें शिल्प अपमानकारक म्हणून शहरानें २०१८ सालीं योग्यच हलविलें. परंतु त्या शिल्पाचा दोष लिकच्या माथीं मारावयाचा, तर त्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनीं पुरें झालेल्या कामाबद्दल त्यास जबाबदार धरावें लागतें! सालें एकापुढें एक मांडलीं असतीं तर ही कलमबंदी झालीच नसती.

तिसरा वर्ग व्यक्तीच्या ओळखीचा. रूझवेल्ट हें नांव दोन राष्ट्राध्यक्षांचें. शाळा त्यांतील कोणाच्या नांवाची, याचाहि निकाल टिपणांत नीट लागलेला नाहीं. दोष मात्र लागला. अलामो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ एक जातीचें झाड, आणि टेक्सासांत १८३६ सालीं जेथें लढाई झाली त्या ठिकाणाचें नांवहि तेंच. शाळेनें नांव झाडाचें घेतलें कीं लढाईचें, हें आधीं ठरावयास हवें होतें. असला घोटाळा आमच्या वाचकांस नवा नाहीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचें नांव २०१८ सालीं प्रभादेवी झालें, तेव्हां पुष्कळांनीं तें पेशवाईच्या अखेरीस पुण्यास रेसिडेंट असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचें समजून चर्चा केली. तें नांव होतें त्याचा पुतण्या, १८५३ ते १८६० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड एल्फिन्स्टन, याचें. काका निराळा, पुतण्या निराळा; मग कोणाच्या कृत्यांचा झाडा घ्यावयाचा?

लिंकनचें कलम याहून गंभीर आहे, व तें खोटें नाहीं. १८६२ सालीं डकोटा लोकांच्या उठावानंतर ता. २६ डिसेंबर रोजीं मॅन्केटो येथें ३८ डकोटा पुरुषांस एकदम फांसावर चढविण्यांत आलें. तें लिंकनच्या मंजुरीनें. परंतु लष्करी न्यायसभेनें ३०३ जणांस देहान्त शिक्षा सांगितली होती, लिंकननें सर्व कागद मागवून तपासविले, व बहुतेकांची शिक्षा रद्द केली, हें कलमाचें दुसरें अंग आहे. पूर्ण कागद वाचल्यानें लिंकन आरोपांतून मोकळा होतो असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक खटले कांहीं मिनिटांत उरकले होते व आरोपींस वकील नव्हता, हें त्याच कागदांत आहे. आणि डकोटांच्या वंशजांस ते ३८ विसरतां येणें शक्य नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आरोप कायम राहूनहि त्याचें रूप बदलतें, आणि निवाडा त्या बदललेल्या रूपावर व्हावयास पाहिजे.

असें कां झालें? इतिहासाच्या अभ्यासकांस बोलवावें काय, असा प्रश्न निघाला असतां, इतिहास तर लिहिलेलाच आहे, त्याची चर्चा करण्याचें प्रयोजन नाहीं, अशा आशयाचें उत्तर समितीच्या अध्यक्षाकडून मिळालें. मूळ रोग येथें आहे. इतिहास लिहिलेला असतो. पण तो तपासलेला असतोच असें नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत अस्सल पत्रें पुढें ठेवून बखरींची जी झडती घेतली, तिचा धडा हाच होता. समितीनें आधारास घेतलीं तीं पुष्कळशीं सर्वसंग्राहक टिपणें होतीं, म्हणजे आजच्या बखरीच.

या ढिलाईची किंमत कोणीं दिली, हा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. यादीवर हांसणें सोपें होतें, व लोक हांसले. सभांच्या उघडेपणाविषयींच्या कायद्याचा भंग झाला म्हणून दावा लागला, ठराव बारगळला, व १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं इतर कारणांबरोबर याहि कारणानें मंडळाच्या तीन सभासदांस मतदारांनीं पदच्युत केलें. परंतु रिव्हीर व लिक यांच्याबरोबरच वॉशिंग्टनचे गुलाम, आणि हुनिपेरो सेर्रा या पाद्र्यानें स्थापिलेल्या मिशनांत इंडियनांवर झालेला जुलूम, हे सप्रमाण आरोपहि त्याच दिवशीं दप्तरीं दाखल होऊन पडले. ज्यांच्या पूर्वजांनीं तें सोसलें त्यांचा खरा दावा दुसऱ्यांच्या कच्च्या दाव्यांशीं एका दोऱ्यांत ओंवला गेला व त्यांच्याबरोबरच बुडाला. खोटा साक्षीदार खऱ्या फिर्यादीचा जितका घात करतो, तितका प्रतिपक्षीहि करीत नाहीं.

आतां एका उणिवेकडे लक्ष वेधतों, कारण तीच आमच्या वाचकांच्या कामाची आहे. या टिपणांत माणसानें काय केलें एवढेंच विचारलें आहे. त्याचें नांव शाळेस कोणीं, केव्हां व कशासाठीं दिलें, हें विचारलेंच नाहीं. या दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व व्हर्जिनियांतील फेअरफॅक्स परगण्यांत दिसतें. तेथें गुलामगिरीच्या पक्षाकडून लढलेल्या जे. ई. बी. स्टुअर्ट या सेनापतीचें नांव घेऊन एक हायस्कूल १९५९ सालीं उघडलें. सेनापति १८६४ सालींच मेला होता. मग पंचाण्णव वर्षांनीं ही आठवण कां? काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणें घटनाविरुद्ध आहे, असा निकाल वरिष्ठ न्यायालयानें १९५४ सालीं दिला होता, आणि व्हर्जिनियांत त्यास उघड विरोध चालला होता. नांवाचें साल त्या विरोधाच्या ऐन भरांत पडतें. तें साल समोर ठेविलें म्हणजे तें नांव कोणास उद्देशून होतें हें सांगावें लागत नाहीं. २०१८ सालीं त्या शाळेचें नांव न्यायवाचक ‘जस्टिस’ झालें. याच व्हर्जिनियांत शेनान्डोआ परगण्यानें २०२० सालीं काढलेलीं अशींच दोन नांवें मे २०२४ मध्यें परत आणलीं. त्यांतील स्टोनवॉल जॅक्सनच्या नांवाची शाळाहि १९५९ चीच. नांव काढणाऱ्यांप्रमाणें परत आणणाऱ्यांसहि हाच प्रश्न विचारला पाहिजे.

कधीं हाच प्रश्न उलट बाजूसहि साक्ष देतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ सालीं मुंबई सोडून निघाला तेव्हां त्याच्या नांवें विद्यादानासाठीं निधि जमविणारांत एतद्देशीय नागरिक प्रमुख होते. पेशवाई ज्याच्या डोळ्यांदेखत बुडाली, त्याच्या नांवें आपल्याच लोकांनीं पैसा कां दिला, हें समजावयाचें तर वर्गणीच्या याद्या व सभांचीं वृत्तें वाचलीं पाहिजेत. निवाडा मग कसाहि होवो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, शाळांच्या स्थापनेचे ठराव, देणगीपत्रें, वर्गणीच्या याद्या, कोनशिला बसविल्याचीं वृत्तें व जुनीं हजेरीपत्रकें हीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. राजेरजवाड्यांच्या सनदा आपण कसोशीनें जपतों. गांवच्या शाळेचा नांवनिश्चितीचा ठराव हीहि एक सनदच आहे. नांव ठेवावयाचें कीं काढावयाचें, हें त्या त्या गांवच्या लोकांनीं ठरवावें. तें ठरवितांना त्यांच्यापुढें अस्सल कागद असावा, एवढी जबाबदारी आपली आहे.