तेरावी फेरी

गावसकर थोर की तेंडुलकर, हा वाद निकाल लागत नाही म्हणूनच रंगतो. मायामीतल्या मरी वोरोनर या रेडिओ-निर्मात्याला मात्र मुष्टियुद्धात निकाल हवा होता. १९६७ मध्ये त्याने वेगवेगळ्या काळांतल्या हेवीवेट जगज्जेत्यांची माहिती आणि जाणकारांची मतं गोळा करून एनसीआर ३१५ या संगणकाला पुरवली. त्यातून काल्पनिक लढती निघाल्या आणि त्यांचं धावतं वर्णन रेडिओवरून ऐकवलं गेलं. अंतिम फेरीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. मोहम्मद अली त्याआधीच, शतकाच्या सुरुवातीच्या जिम जेफ्रीजकडून बाद झाला होता. अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तो मिटला एका डॉलरवर आणि एका चित्रपटाच्या करारावर.

तोच हा ‘द सुपर फाइट’: संगणकाच्या निकालावर बेतलेली अली-मार्सियानो लढत. २० जानेवारी १९७० रोजी तो शेकडो चित्रपटगृहांत एकाच वेळी दाखवला गेला. कला म्हणून त्याला फार मोल नाही. प्रकाशयोजना सपाट आहे, रिंगभोवती काळोख आहे आणि प्रेक्षकांचा गलका मागाहून चिकटवलेला आहे. तरीही तो पाहताना नजर हटत नाही, कारण हा चित्रपट काळ पुसून टाकल्याची बतावणी करतो आणि त्याच्या प्रत्येक चौकटीत काळच दिसत राहतो.

मार्सियानोकडे पाहा. १९५६ मध्ये ४९ लढती, ४९ विजय अशी कोरी पाटी घेऊन तो निवृत्त झाला. चित्रीकरणाच्या वेळी तो पंचेचाळिशीत होता. यासाठी त्याने बरंच वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. अलीच्या एका जॅबने तो टोप उडाला, असंही सांगतात. खांदे अजून भरीव आहेत, वाकून आत शिरण्याची ढब तीच आहे, पण दोन ठोशांच्या मधला श्वास लांबलेला आहे. तरुण मार्सियानो समोरच्याला श्वास घेऊ देत नसे. इथे तो स्वतःच श्वासाची वाट पाहतो.

समोरचा अली सत्तावीस वर्षांचा, पण तोही पुरता ‘तो’ अली नाही. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे किताब गेला, परवाना गेला, लढायला कुठे रिंग मिळेना. कमरेभोवती थोडी चरबी आहे. पाय नाचतात, पण १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवताना नाचले होते तसे नाहीत. म्हणजे ज्या दोघांची तुलना करायची ते दोघेही इथे हजर नाहीत. त्यांच्या नावाने आलेले, एक थकलेला आणि एक अडवलेला, असे दोन पुरुष आहेत.

एक-एक मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या त्यांनी खेळल्या. डोक्यावरचे ठोसे हात राखून, अंगावरचे मात्र बरेचसे खरे, असं सांगितलं जातं आणि पडद्यावर ते पटतं. मार्सियानोचा ठोसा बरगडीवर बसला की अलीचं कोपर आपोआप खाली येतं. ते कोपर अभिनय करत नाही. चेहऱ्यावरचं रक्त केचपचं आहे, पण कोपराची ती हालचाल खरी आहे. रस आहे तो अशा जागी, निकालात नाही.

शेवट अनेक तऱ्हांनी चित्रित करून ठेवले होते आणि कोणता वापरणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. चित्रीकरण संपल्यावर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, आयोवात विमान कोसळून मार्सियानो गेला. दुसऱ्या दिवशी तो ४६ वर्षांचा झाला असता. जानेवारीत पडद्यावर जिंकला तो चार-पाच महिन्यांपूर्वी मेलेला माणूस. तेराव्या फेरीत अली खाली पडतो आणि मार्सियानोचा हात उंचावतो.

तेरावीच का? मला हा चित्रपटातला सगळ्यात बोलका तपशील वाटतो. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात गुणांवर मागे पडलेल्या मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटला उजव्या हाताच्या एका ठोशात झोपवून जगज्जेतेपद मिळवलं, तेही तेराव्या फेरीतच. संगणकाने भविष्य वर्तवलं म्हणावं, तर ते जुन्याच आठवणीवर बेतलेलं दिसतं. यंत्राच्या पोटात आकडे होते आणि ते आकडे माणसांनी भरले होते. पत्रिका मांडणारा जसं यजमानाला ऐकायचं तेच वाचून दाखवतो, तसं १९७० च्या अमेरिकेने स्वतःला जे ऐकायचं होतं ते ऐकलं: अपराजित गोरा विजेता, आणि सरकारपुढे न झुकणारा काळा मुष्टियोद्धा जमिनीवर. हा संगणक अलाबामात बनला असणार, असा टोला अलीने लगावल्याचं सांगतात. युरोपात काही ठिकाणी अली जिंकतो असा शेवट दाखवल्याच्याही हकिकती आहेत. खऱ्या असतील तर यंत्राच्या निकालाची किंमत तिथेच कळते.

माझं मत अलीच्या बाजूने. मार्सियानोची कातडी लवकर फाटायची. १९५४ च्या दुसऱ्या लढतीत एझर्ड चार्ल्सने त्याचं नाक चिरलं होतं आणि आठव्या फेरीत चार्ल्सला पाडूनच त्याने ती लढत वाचवली. अलीची उंची सहा फूट तीन इंच, मार्सियानोची पाच फूट दहा, आणि हातांच्या पल्ल्यातही बरंच अंतर. पंधरा फेऱ्या तो जॅब तोंडावर घेत आत शिरायचं म्हणजे डॉक्टर लढत थांबवण्याचाच धोका जास्त.

पण मार्सियानोवाद्यांच्या हाती एक पत्ता आहे आणि तो हलका नाही. चित्रपटानंतर चौदा महिन्यांच्या आत, ८ मार्च १९७१ रोजी, जो फ्रेझरने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलीला खऱ्या रिंगमध्ये हरवलं. फ्रेझरही बुटका, वाकून आत शिरणारा, अंगावर मारत जाणारा होता. पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हूकने अली पाठीवर पडला. यावर माझं उत्तर असं, की १९७४ आणि १९७५ मध्ये अलीनेच फ्रेझरला हरवलं. यावर ते म्हणणार, मार्सियानो फ्रेझरहून जोरात मारायचा. मग मी नाकाची गोष्ट काढणार.