'वेढ्याचा ग्रंथ' : साधनांची पारख

लेनिनग्रादचा वेढा ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत चालला. या अवधींत लांब पल्ल्याच्या जर्मन तोफांनीं शहरावर सुमारें दीड लाख गोळे टाकिले. नागरिकांनीं हे दिवस कसे काढिले, हें सांगण्यासाठीं आलेस आदामोविच व दानिल ग्रानिन यांनीं 'वेढ्याचा ग्रंथ' रचिला. त्याचा पूर्वार्ध १९७७ सालीं मॉस्कोच्या 'नोवी मीर' मासिकांत कांटछांट होऊन आला. खुद्द लेनिनग्रादांत ग्रंथ निघण्यास १९८४ साल उजाडलें.

ग्रंथाची थोरवी आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप साधनांच्या मांडणीविषयीं आहे. उत्तरार्धांत तीन कथनें आळीपाळीनें गुंफिलीं आहेत. गेओर्गी क्न्याझेव हे विज्ञान अकादमीच्या दप्तरखान्याचे प्रमुख, पायांनीं अधू, घर ते दप्तरखाना एवढ्याच टापूंत चाकांच्या खुर्चींतून फिरणारे. यूरा र्‍याबिंकिन हा सोळा वर्षांचा मुलगा. या दोघांच्या रोजनिश्या त्या त्या वेळीं लिहिलेल्या. तिसरें कथन लिदिया ओखाप्किना या दोन मुलांच्या आईचें. तें युद्धानंतर आठवून लिहिलेलें. हा भेद संपादकांनीं लपविलेला नाहीं. परंतु तिन्ही धागे एकत्र विणल्यावर वाचकाच्या मनांतून तो पुसला जातो.

रोजनिशीकारास उद्यां आपण जगूं कीं नाहीं हें ठाऊक नसतें; आठवणी लिहिणारास शेवट ठाऊक असतो. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्यें मुलांस व अवलंबितांस दिवसास १२५ ग्रॅम पाव मिळे. आई व बहिणीच्या वाट्याचें आपण खाल्लें, ही कबुली यूरा त्याच दिवसांत वहीजवळ देतो. काळ लोटल्यावर अशी नोंद सहसा उरत नाहीं. त्याची वही जानेवारी १९४२ मध्यें तुटते. तें तुटणें हाहि पुरावाच होय.

नेव्स्की रस्त्यावरील १४ क्रमांकाच्या इमारतीवर, तोफमाऱ्याच्या वेळीं रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची, अशा आशयाचा लेख आहे. कारण गोळे नैर्ऋत्येकडून येत. मूळ लेख १९४३ चा, आजचा १९६२ सालीं पुन्हां रंगविलेला. तो बनावट नव्हे, परंतु मूळहि नव्हे. ओखाप्किनाबाईंच्या आठवणींस आम्ही हेंच स्थान देऊं.

बखर आणि समकालीन पत्र यांतील तारतम्य राजवाड्यांनीं आपणांस शिकविलेंच आहे. येथें तें सोडण्याचें कारण नाहीं. प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर लेखनाचा काळ छापिला असता, तर ग्रंथाचें तेज उणावलें नसतें आणि अभ्यासकाची सोय झाली असती. क्न्याझेव यांची रोजनिशी २००९ सालीं स्वतंत्र निघाली आहे. वाचकांनीं ग्रंथ अवश्य वाचावा. दाखला मात्र रोजनिशीचाच द्यावा.