पानिपत आणि खोडद

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं तेवढी उलटी फिरवलेली. नावाच्या वजनावर कथा तोलली जाऊ नये, एवढाच हेतू. पुढे विज्ञानकथेला मराठीत मान मिळाला, पण तो कथेचा की खगोलशास्त्रज्ञाचा, हा प्रश्न नारळीकर गेल्यावरही उरलाच आहे.

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार नेटाने जोपासला. तरी दिवाळी अंकांत आजही एक साचा भेटतो. एक प्राध्यापक, त्यांची प्रयोगशाळा आणि एक भाबडा मित्र. मित्र "म्हणजे नेमकं काय?" विचारतो आणि पुढची दोन पानं व्याख्यानात जातात. कल्पना इथे शिपायासारखी राबते. माहितीची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर पोहोचवली की तिचं काम संपलं. समाजात वैज्ञानिक दृष्टी रुजावी ही तळमळ खरी आहे. पण तळमळीतून चांगला पाठ तयार होतो. कथा होतेच असं नाही.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मात्र टिकली. इतिहासाच्या प्राध्यापकाला अपघात होतो आणि तो पानिपतात मराठे जिंकलेल्या जगात जाऊन पोहोचतो. परततो तेव्हा खिशात बखरीचं एक पान असतं. त्या पानावर गोळी विश्वासरावांना लागत नाही, नुसती चाटून जाते. शेवटी येणारं पुंजभौतिकीचं स्पष्टीकरण वाचक विसरतो. ते पान विसरत नाही. कारण पानिपत ही आपली १७६१ पासूनची ठसठस, इतकी की धुव्वा उडाला तरी आपण 'पानिपत झालं' म्हणतो. विज्ञानाने इथे फक्त दार उघडलं; कल्पना आत शिरली ती जुन्या जखमेचा माग काढत.

विज्ञानाने असं दार उघडावं अशा जागा आज कमी नाहीत. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या महाकाय तबकड्या शेतांच्या शेजारी उभ्या आहेत. सगळा पसारा मिळून अशा ३० तबकड्या दूरच्या आकाशगंगांची कुजबुज ऐकतात. त्या ऐकण्यात व्यत्यय येईल म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलायची वेळ आली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली रेडिओलहर आणि बाजार गाठायची घाई असलेला कांदा एकाच शिवारात समोरासमोर आले आहेत. दोघांचीही बाजू खरी. यात प्राध्यापकांना व्याख्यान द्यायला जागा नाही. कथाकाराला मात्र अख्खं शिवार मोकळं आहे.