वैकल्पिक नियम आणि खेळाचा समतोल

पाणिनीने विकल्प सांगताना 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे तीन शब्द योजिले आहेत. परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली असे प्रतिपादिले की, 'वा'ने अधिक रूढ रूप, 'विभाषा'ने विरळ रूप आणि 'अन्यतरस्याम्'ने समबल रूपे सूचित होतात. हे मत ग्राह्य असो वा नसो, त्यातून निघणारा प्रश्न कोणत्याही नियमग्रंथास विचारण्याजोगा आहे: विकल्प सांगणाऱ्याचा कल कोणीकडे आहे?

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या अद्भुतरम्य भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीस (२०१४) हा प्रश्न विचारला असता समाधानकारक उत्तर मिळत नाही. या आवृत्तीत पात्राला ठरावीक टप्प्यांवर गुणवृद्धी मिळते. खेळाच्या संचालकाने अनुमती दिल्यास तिच्याऐवजी 'फीट', म्हणजे एखादे विशेष कौशल्य, घेता येते. हा नियम वैकल्पिक म्हणून दिला आहे. परंतु गुणवृद्धीची संधी मांत्रिकाला पाच वेळा आणि योद्ध्याला सात वेळा मिळते, आणि गुणाची सामान्य मर्यादा वीस आहे. प्रमुख गुण या मर्यादेस पोहोचल्यावर योद्ध्याच्या जादा संधींचे मोल उतरते. मांत्रिकाचे मंत्रबल मात्र वाढतच राहते. म्हणजे कौशल्ये वगळण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

उलट प्रकारचे उदाहरण 'फ्लँकिंग'चे. शत्रूच्या दोन विरुद्ध बाजूंस दोन सहकारी उभे राहिले, तर या वैकल्पिक नियमाने हातघाईच्या हल्ल्यात त्यांना वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. फाशाची सरासरी १०.५ वरून सुमारे १३.८ वर जाते. हाच लाभ 'बार्बेरियन' हे पात्र बेदरकार हल्ल्याने मिळवते. पण त्याबदल्यात त्याच्यावरील हल्ल्यांनाही तोच लाभ द्यावा लागतो. जे एकाने किंमत मोजून घेतले, ते इतरांना केवळ जागा बदलून मिळू लागले! भाषेतील चिन्हाप्रमाणे नियमाचे मूल्यही शेजारच्या नियमांवर अवलंबून असते, हे येथे स्पष्ट दिसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, समतोल राखणे हे संचालकाचेच काम आहे आणि प्रत्येक खेळाडूला वाव मिळाला की आकड्यांची समानता अनावश्यक ठरते. आक्षेपाचा उत्तरार्ध मान्य करण्यास हरकत नाही. तथापि संचालकाने निवड करावयाची, तर तिचे परिणाम त्याला आधी ज्ञात असावयास हवेत. अन्यथा ग्रंथकर्त्याची जबाबदारी स्वातंत्र्याच्या नावाखाली त्याच्या गळ्यात पडते, आणि त्याची झळ योद्ध्याची भूमिका घेऊन कित्येक महिने खेळणाऱ्याला लागते.

२०२४ च्या सुधारित आवृत्तीत विशेष कौशल्ये मूळ नियमांतच समाविष्ट झाली. एका विकल्पाचा निकाल त्यामुळे लागला; पण विकल्प कसा सांगावा, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक वैकल्पिक नियमाखाली तो कोणत्या नियमांचे मूल्य वाढवितो आणि कोणत्यांचे घटवितो, एवढे दोन ओळींत नमूद करावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.