चित्रातील मर्मस्थान आणि पाहणाऱ्याची दृष्टी

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून ज्यांनी एकदा तरी संध्याकाळी वाट काढली असेल, त्यांस तेथील आराशीचे वर्णन ऐकविण्याची गरज नाही. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या या दुर्गोत्सवात मंडपाचा थाट एखाद्या राजमंदिरास शोभेल असा असतो. कमानी, खांब, दिव्यांच्या माळा यांत उणे म्हणून काही नसते. तरीही आत पाऊल ठेवताच नजर हे सारे ऐश्वर्य ओलांडून देवीच्या मुखावर, त्यातही तिच्या नेत्रांवर जाऊन ठरते. उलट, सणासुदीच्या दिवसांत आपल्या शहरांच्या रस्त्यांवर जे शुभेच्छांचे फलक उभे राहतात, त्यांवर एकाच मापाचे व एकाच हास्याचे दहावीस चेहरे असूनही घरी पोहोचेपर्यंत त्यांतला एकही ध्यानात राहत नाही. रंगांची उधळण दोन्हीकडे सारखीच. मग एके ठिकाणी दृष्टी स्थिरावते आणि दुसरीकडे ती घसरते, हे का? नवरात्र सरते न सरते तोच दिवाळी अंकांची मुखपृष्ठे व कथाचित्रे आपल्या घरांत येऊन पडतात, म्हणून या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकांतील उत्तर ठरलेले आहे. वाट, नदी, फांदी, पुढे केलेला हात अशा रेषांनी दृष्टीला मार्ग दाखवावा. जेथे ती न्यावयाची तेथे गडद छायेला लागून उजळ रंग ठेवावा. इतरत्र तपशील मंद करावा. हे नियम खोटे नाहीत, पण ते अर्धेच आहेत. आल्फ्रेड यारबुस या रशियन शास्त्रज्ञाने पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर बारीक उपकरण बसवून त्यांच्या हालचाली टिपल्या. त्याचा ग्रंथ १९६७ साली इंग्रजीत आला. इल्या रेपिनच्या एका प्रसिद्ध चित्रात हद्दपारीतून परतलेला पुरुष अवचित घरात शिरतो आहे आणि घरची माणसे चकित झाली आहेत. ते चित्र पाहताना लोकांचे डोळे आगगाडीप्रमाणे रुळांवरून धावत नव्हते. ते उड्या मारीत होते आणि फिरून फिरून चेहऱ्यांवर येत होते. विशेष हे की, या माणसांची वये काय असावीत असे विचारले की दृष्टी मुखांवर जाई, आणि घरची सांपत्तिक स्थिती कशी असावी असे विचारले की ती वस्त्रांवर व सामानावर फिरे. चित्र तेच, प्रश्न मात्र निराळा.

आमच्या मते मर्म येथेच आहे. पाहणाऱ्याच्या मनात योग्य तो प्रश्न उभा करणे हे चित्रकाराचे पहिले काम. रेषा आणि छायाप्रकाश हे त्या कामातील नोकर होत. मंडपात येणारा भाविक आपला प्रश्न घरूनच घेऊन येतो. त्यास देवीचे दर्शन हवे असते. मासिकाचे पान उलटणाऱ्या वाचकाजवळ असे काही नसते.

राजा रविवर्म्याची शकुंतला पाहावी. पायातील काटा काढण्याच्या मिषाने ती थबकली आहे आणि मान वळवून मागे पाहत आहे. ती ज्याला पाहते तो दुष्यंत चित्रात कोठेच नाही! तिच्या दृष्टीमागोमाग आपली दृष्टी चौकटीपर्यंत जाते, तेथे कोणी सापडत नाही, म्हणून तिच्याच मुखावर परत येते. ही ये-जा हेच त्या चित्राचे कथानक आहे. हंस-दमयंतीच्या चित्रात तांबड्या लुगड्याचा मोठा रंगपट्ट प्रथम आपणांस ओढतो खरा, पण खिळवून ठेवतो तो तिचा ऐकण्याचा भाव. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्यांच्या छापखान्यात रंगागणिक निराळा दगड वापरावा लागे आणि छपाईत मूळ रंगांची नाजूक छटा बरीच हरपे. तरीही ही चित्रे घरोघर भिंतींवर टिकली, याचे एक कारण त्यांची मांडणी छटांवर विसंबलेली नव्हती, हे असावे.

पुढच्या पिढीत दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर या दोघांनी मराठी घरांस चित्रे पाहावयास शिकविले. दोघेही मूळचे गोव्याचे. तुलना अनेकांस रुचणार नाही. तरी आम्ही ती करतो. मुळगावकरांचे रंगलेपन तुकतुकीत व मोहक. पण त्यांच्या पुष्कळ चित्रांत दागिना, पदर आणि मुख यांवर सारखाच हात फिरलेला दिसतो. देवदेवतांच्या चित्रांत हे खपून जाते, किंबहुना शोभते, कारण तेथे भक्त आपली दृष्टी आपणच आणतो. कथाचित्रात मात्र त्यामुळे प्रसंग थिजतो. १९४५ साली ‘दीपावली’ काढणाऱ्या दलालांस सोडून देणे साधले होते. सपाट रंगाचा एक पट्टा, दोन-चार जोरकस रेषा आणि मोकळी जागा एवढ्यावर ते पुष्कळदा भागवीत. आणि मग मानेचा एखादा झोक वा खाली झुकलेली पापणी साऱ्या पानाची धनीण होऊन बसे.

अलीकडे संगणकाकडून काढून घेतलेली चित्रे अंकांत दिसू लागली आहेत. त्यांचा दोष बहुधा हात वा बोटे चुकण्यात शोधला जातो. आम्हांस तो दुय्यम वाटतो. अशा बऱ्याच चित्रांत दूरच्या झाडाचे पान आणि नायिकेचा डोळा सारख्याच निगुतीने घासलेले असतात. काय महत्त्वाचे आहे याविषयी कोणी निवाडाच केलेला नसतो. परंतु सारा दोष यंत्राच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. कथा न वाचता केवळ तिच्या नावावरून चित्र काढण्याची व काढवून घेण्याची सवय जुनीच आहे. कथेत एका न उघडलेल्या पत्रावर सारे अडलेले असावे आणि चित्रात खिडकीतील चंद्राची शोभा असावी, हा अनुभव वाचकांस नवा नाही. त्यातून मुख्य चेहऱ्याच्या कपाळावरच लेखकाचे नाव ठोकणारे संपादक आहेतच.

हल्ली मुखपृष्ठ प्रथम दिसते तेही दूरध्वनीच्या काचेवर, टपालाच्या तिकिटाएवढे. त्या मापात नक्षी, झुंबरे, पैठणीचे मोर सारे विरून जातात. यंदाचे अंक हाती येतील तेव्हा वाचकांनी प्रत्येक मुखपृष्ठ हातभर दूर धरून, डोळे किंचित मिटून पाहावे, आणि काय उरते ते संपादकांस कळवावे.