मुक्त ग्रंथ आणि पाळकाचे दायित्व

गुलबर्ग्यास शाळा काढणाऱ्या पंडिता रमाबाईंनी सामान्य स्त्रियांसाठी सोप्या मराठीत केलेले बायबल १९२४ साली मुक्ती मिशनने छापले. ब्रिज कनेक्टिव्हिटी सोल्युशन्सचे ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्शन’ (२०१९) हे मराठी बायबल विनामूल्य आहे. परंतु त्याचे खरे मोल आम्हांस त्याच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात दिसते. ते कोणीही छापावे, सुधारावे. मात्र मूळ प्रकाशकाचा निर्देश करावा, बदल सांगावा आणि सुधारलेली प्रतही तशीच खुली ठेवावी. भालकी-औरादकडील मराठी कानडी व दखनीच्या सहवासात वाढली आहे. तेथील मंडळीस एखादा शब्द अडला, तर पाळकांनी व उपदेशकांनी तो नुसता तोंडी समजावून सोडू नये; मूळ भाषेशी ताडून पर्याय लेखी सुचवावा. सुधारण्याची मोकळीक लाभल्यावर राहिलेल्या चुकीचा दोष आपल्याही माथी येतो.